फड बंद पडल्यावर मदत कशी द्यावी? आधी उचल समजून घ्या

प्रश्न: आमच्या तालुक्यातल्या गणेश मंडळाने २०२० च्या टाळेबंदीत कलावंतांना किराण्याचे तीनशे संच वाटले. नंतर कळले की यादीतले बरेच जण हौशी गायक होते आणि तालुक्यातल्या तमाशा फडांमधल्या कोणालाच काही मिळाले नव्हते. आता मंडळाने अशा आपत्तीसाठी दोन लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. पुन्हा तशी वेळ आली तर ते कसे वापरावेत?

उत्तर:

किराणा वाटल्याबद्दल मंडळाला दोष देऊ नका. एप्रिल २०२० मध्ये घरात पीठमीठ नसलेले कलावंत होतेच, आणि त्या महिन्यात बैठका घेत बसण्यापेक्षा पिशवी पोचवणे बरोबर होते. यादी का फसली ते पुढे सांगतो. आधी पैशाचे गणित बघू, कारण ते कळल्याशिवाय दोन लाखांचे काय करायचे ते ठरत नाही. मी जुन्नर-संगमनेर पट्ट्यातल्या काही फडांचे जमाखर्च लिहितो. टाळेबंदीत मदतवाटपाचे काम त्यातूनच गळ्यात पडले.

नोकरदाराची कमाई बारा महिन्यांत सारखी वाटलेली असते. फडावरच्या माणसाचे सगळे वर्ष एका हंगामावर उभे असते, आणि त्या हंगामातही खरा पैसा काही आठवड्यांचाच. फड दसऱ्याला बाहेर पडतो. तंबूचा फड तिकिटावर गावोगाव फिरतो, पण डिझेल, तंबूवाले, वीज आणि शंभर माणसांचे जेवणखाण यात गल्ला कसाबसा पुरतो. पैसा दिसतो तो पाडव्यापासून पुढे, गावोगावच्या यात्रा सुरू झाल्यावर. नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, यात्रा कमिटीची माणसे येतात, घासाघीस करून सुपारी, म्हणजे खेळाचे ठरलेले काम, देतात. अक्षय तृतीया, फार तर बुद्ध पौर्णिमा, की हंगाम संपला. नंतरचा पावसाळा बसून काढायचा.

आता तारखा बघा. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशाची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला, आणि १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला आला तेव्हा कुठे राज्यातले निर्बंध उठले होते. म्हणजे कागदावर थिएटर नोव्हेंबर २०२० मध्ये एकदा आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा, दोन्ही वेळा निम्म्या क्षमतेने उघडली, तरी तमाशाच्या हाती सलग दोन वर्षे यात्रेचा हंगाम लागलाच नाही. शहरातल्या माणसाला 'अधूनमधून सुरू होते की' असे वाटते. फडवाल्याला तसे काही आठवत नाही.

प्रत्येक कलेचे पंचांग निराळे, हे आधी मनात पक्के करा. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटके दिवाळीनंतर सुरू होतात आणि मार्चपर्यंत आटोपत येतात. त्यामुळे तिथल्या वडशाच्या नाटक कंपन्यांना पहिल्या टाळेबंदीची झळ तुलनेने कमी बसली आणि २०२०-२१ च्या हंगामात जास्त. शिवाय तिथल्या बऱ्याच नटांची घरची शेती असते. कोकणातल्या दशावतारी मंडळींचे कार्तिकातल्या जत्रांपासून पावसाच्या तोंडापर्यंत चालते. बँडवाल्यांचा पैसा लग्नसराईचा. व्यावसायिक नाटकात पडद्यामागच्या माणसाला 'नाइट' मिळते. प्रयोग झाला तर पैसे, नाही तर नाही, आणि मे महिन्याच्या सुट्टीत प्रयोग जास्त. म्हणून 'सर्व कलावंतांना एक महिना मदत' हा ठराव ऐकायला समान वाटतो, पण एकाला तो सुगीत मिळतो आणि दुसऱ्याला दुष्काळात मिळत नाही.

हंगामाइतकीच मोठी गोष्ट म्हणजे उचल, फडमालकाकडून आगाऊ घेतलेले पैसे. बाहेरच्या माणसाला ही सहसा दिसत नाही, कारण कलावंत ती आपणहून सांगत नाही. समजा एका ढोलकीवाल्याने आषाढात फडमालकाकडून साठ हजार उचलले. त्यात मुलीचे लग्न झाले, घरावर पत्रे पडले. दसऱ्यापासून ते पैसे पगारातून वळते व्हायचे. होळीपर्यंत निम्मे फिटले, उरलेले यात्रांत फिटणार होते. तेवढ्यात टाळेबंदी आली. तीस हजार डोक्यावर, पगार बंद, आणि पुढच्या आषाढात नवी उचल द्यायला मालकाकडे दमडी नाही.

मालकाकडे का नाही? कारण त्यानेही ती बाहेरून आणलेली असते. शंभर माणसांच्या उचलीसाठी त्याने वीस लाख दरमहा शेकडा तीनने काढले असतील तर महिन्याचे व्याजच साठ हजार होते. मार्च २०२० ते ऑक्टोबर २०२१ हे वीस महिने धरले तर नुसते व्याज बारा लाख. तारणाला ट्रक, नाही तर जमिनीचा तुकडा. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ मे २०२० आणि नंतर ३१ ऑगस्टपर्यंत कर्जाचे हप्ते लांबवायची मुभा दिली होती, पण ती बँका आणि वित्तसंस्थांना. सावकाराच्या वहीत कसली मुभा! आणि ढोलकीवाल्याची उचल तर कोणत्याच सरकारी कागदावर कर्ज म्हणून दिसत नाही.

किराण्याच्या पिशवीने पंधरा दिवसांचे पोट भागते. तीस हजारांच्या आकड्याला ती शिवतही नाही. आणि माणसाचे पुढे काय होणार ते हा आकडाच ठरवतो. ढोलकीवाले भाजीची गाडी लावून बसले, नाचणाऱ्या पोरी कांदा काढायला आणि द्राक्षबागेत गेल्या, यात मला काही कमीपणा वाटत नाही. कष्टाचे काम आहे. पण ज्यांच्या अंगावर उचल होती त्यांनी वाद्ये विकली, बायकांचे डोरले गहाण पडले, आणि फड उभे राहिले तेव्हा मिळेल त्या पगारावर त्याच मालकाकडे उभे राहण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ५६,००० कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपये एकरकमी द्यायचे ठरवले, एकूण २८ कोटी. त्या निर्णयापर्यंत सतरा महिने होऊन गेले होते. भागून बघा, महिन्याला तीनशे रुपयेही पडत नाहीत. आणि तेही अर्ज, पुरावे आणि छाननी पार पडल्यावर. मे २०२१ मध्ये ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर कोरोनाने गेल्या, तेव्हा फडांतली जुनी माणसे औषधपाण्याच्या खर्चाने जेरीस आलेली होती आणि हा निर्णय व्हायचा होता.

बाहेरची दोन उदाहरणे देतो, कारण त्यांतून एक गोष्ट नीट दिसते. ब्राझीलने जून २०२० मध्येच, कोरोनाने गेलेले गीतकार आल्दीर ब्लांक यांच्या नावाने कायदा करून कलाक्षेत्रासाठी तीन अब्ज रेआइस काढले. त्यातून कलाकामगारांना महिना सहाशे रेआइसची मदत होती. फ्रान्सला तर नवी योजनाही उभारावी लागली नाही. तिथे वर्षात ५०७ तास काम केलेल्या रंगकर्मीला मधल्या रिकाम्या काळात बेकारभत्ता मिळतो, ही सोय जुनीच होती. महामारीत त्यांनी एवढेच केले की तास भरले नसले तरी हक्क पुढे चालू ठेवला. कोण कलावंत आणि त्याने किती काम केले याची नोंद तिथे आधीपासून होती. आपल्याकडे ती शोधण्यातच संकट सरून जाते.

तुमची यादी इथेच फसली. अशा यादीत आधी तीच नावे येतात जी कार्यकर्त्यांच्या ओळखीची असतात, आणि ओळखीचा असतो तो ऑर्केस्ट्रात गाणारा, शाळेच्या गॅदरिंगला तबला वाजवणारा, ज्याची दिवसाची नोकरी चालूच असते. फडातली माणसे गावात नसतात. वर्षातले सात-आठ महिने ती बाहेर, आणि उरलेल्या काळात आपला धंदा मोठ्याने सांगत नाहीत.

म्हणून दोन लाखांतला पहिला खर्च आत्ताच करा, तोही फार तर दहा हजारांचा. तालुक्यातल्या फडांच्या मॅनेजरांना, कलाकेंद्राच्या मालकिणीला, बँडच्या मास्तरला भेटा. त्यांच्याकडे हजेरीची आणि पगाराची वही असते, तिच्यावरून नावे घ्या. वहीत फक्त रंगमंचावरची माणसे नसतात. आचारी असतो, तंबू ठोकणारे असतात, ड्रायव्हर, वायरमन, कपडेपट सांभाळणारी बाई. २०२० च्या बहुतेक याद्यांत यांना कोणी धरलेच नाही, कारण हे 'कलाकार' नाहीत. पण फड बंद पडल्यावर यांची चूल पहिल्यांदा विझते. यादीतले प्रत्येक नाव दुसऱ्या फडातल्या एका माणसाकडून ताडून घ्या. फडांची आपसात चुरस असते, त्यामुळे खोटे नाव लगेच उघडे पडते. गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, पोतराज हे कोणाच्याच वहीत नसतात. त्यांच्यासाठी वस्तीवर जावेच लागते.

यादीत चार रकाने ठेवा: रेशनकार्डावर नाव आहे का, बँक खाते कोण चालवते, अंगावर उचल किती, आणि हंगाम कोणत्या महिन्यात.

रेशनचा रकाना पहिला का, ते सांगतो. एप्रिल २०२० पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावरच्या माणशी पाच किलो धान्य फुकट मिळत होते. ज्याचे नाव कार्डावर होते त्याला तुमच्या पिशवीतल्या तांदळापेक्षा तेल, डाळ, चहा-साखर, बीपीच्या गोळ्या आणि मोबाइलचे रिचार्ज हवे होते, कारण पोरांची शाळा त्याच फोनवर भरत होती. ज्याचे नाव कुठेच नव्हते त्याला धान्यही हवे होते. हे दोन वेगळे लोक आहेत. लग्न होऊन गेलेल्या, फडात वाढलेल्या बायकांची नावे माहेरच्या कार्डातून गेलेली आणि सासरच्या कार्डात न चढलेली, असे हमखास सापडते. कलाकेंद्रांत नाचगाणे करणाऱ्या संगीत बारीतल्या बायकांच्या पोरांच्या कागदांवर आईचेच नाव असते आणि खिडकीवरचा माणूस बापाचे नाव मागत बसतो. मंडळातला एखादा तहसील ओळखणारा कार्यकर्ता या कामाला लावा. एकदा नाव चढले की ती मदत दर महिन्याची होते आणि तुमच्या तिजोरीतून जात नाही.

बँक खात्याकडे तितकेच बारकाईने बघा. रोख रक्कम थेट कलावंताच्या खात्यात द्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फडमालकाच्या हाती एकगठ्ठा देऊ नका. तो चांगला असला तरी त्याच्या दारात सावकार बसलेला असतो. पण खात्यात टाकण्याआधी दोन गोष्टी विचारा. त्या खात्याला एखाद्या कर्जाचा हप्ता जोडलेला आहे का? असेल तर तुमचे तीन हजार सकाळी जमा होतात आणि दुपारी हप्त्यात जातात. दुसरे, बाईचे खाते तिचा भाऊ किंवा नवरा चालवतो का? हे तिला एकटीला, फोनवर नाही तर समोर बसून विचारायचे, आणि विचारणारीही बाईच हवी. गरज पडल्यास पोस्टात तिच्या नावाचे नवे खाते उघडून द्या.

आता उचलीचे काय? दोन लाखांत कोणाची उचल फेडता येणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. एकाची फेडली की बाकीच्यांशी वैर. पण मंडळाचे वजन पैशापेक्षा मोठे असते, ते वापरा. फडमालक, चार जुने कलावंत आणि मंडळाचे दोन पदाधिकारी बसवून एक साधा कागद करा: फड बंद असेल त्या काळाचे उचलीवर व्याज धरायचे नाही, आणि फड सुरू झाल्यावर पगाराच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त वळते करायचे नाही. बदल्यात मालकाला मंडळाकडून वीसेक हजार बिनव्याजी, पहिल्या सुपारीतून परत करायच्या बोलीवर. मालकाला शिव्या घालणे सोपे असते. पण फड बुडाला तर शंभर घरे बुडतात, आणि उचल लिहिलेली ती वही सावकाराच्या हाती जाते. सावकार विनापरवाना असेल आणि त्याने जमीन लिहून घेतली असेल तर महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. लोक घाबरतात, सोबत मंडळ असेल तर जातात.

यात्रा कमिट्यांशीही आधीच बोलून ठेवा. टाळेबंदीत बऱ्याच गावांची यात्रेची वर्गणी काही प्रमाणात जमलेली होती आणि ती तशीच पडून राहिली. कमिटीने ठरवले तर सुपारीचा काही भाग पुढच्या वर्षाच्या तमाशासाठी आगाऊ देता येतो. फडाला त्यात मदतही मिळते आणि मानही राहतो, कारण हे कामाचे पैसे असतात. एकच अट स्पष्ट लिहा: पुढच्या वर्षीही यात्रा भरली नाही तर हे पैसे परत मागायचे नाहीत. नाही तर तुम्हीच नवी उचल तयार कराल.

मान राखण्याचा विषय निघालाच आहे तर फोटोचे बोलतो. पिशवी हातात देताना फोटो काढू नका. ज्या बाईने आयुष्यभर हजारो लोकांसमोर मान ताठ ठेवून वगात राणीचे सोंग आणले, तिला हात पसरलेल्या फोटोत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे आणि वर 'आम्ही सेवा केली' म्हणायचे, हे मला सहन होत नाही. हिशेबाला पावती पुरते. आणि मदतीच्या बदल्यात 'दोन लावण्या मोबाइलवर करून पाठवा' असेही मागू नका. गायक, कीर्तनकार, तबल्याचे शिक्षक यांना ऑनलाइन शिकवणीतून, तिकीट लावलेल्या कार्यक्रमांतून थोडेफार मिळाले हे खरे. शंभर माणसांच्या फडाला त्यातून काही निघत नाही. सोंगाड्याची बतावणी समोरच्या माणसाच्या हशावर चालते. फोनपुढे ती कोरडी पडते.

मदत कधी थांबवावी, याचे उत्तर लोकांना चुकीचे माहीत असते. सरकारने परवानगी दिली की देणगीदार घरी जातात. पण खर्च तेव्हाच सुरू होतो. दोन पावसाळे गोठ्यात पडलेल्या कनाती उंदरांनी खाल्लेल्या, ट्रकचा विमा आणि फिटनेस संपलेला, टायर बसलेले, जरीची नऊवारी कसर लागून गेलेली, जनरेटर अडकलेला. नाटकवाल्यांचे दुखणे वेगळे: निम्म्या खुर्च्या विकायच्या, पण गाडीभाडे, जाहिरात आणि नाइट पूर्ण द्यायची. म्हणून फंडातला निदान तिसरा हिस्सा पडदा पुन्हा वर जाण्याच्या महिन्यासाठी राखा. तेव्हा एका फडाच्या कनातीला दिलेले पंधरा हजार टाळेबंदीतल्या तीस पिशव्यांपेक्षा जास्त दिवस पुरतात.

वयस्कर कलावंतांसाठी वेगळी वाट आहे. राज्याची मानधन योजना पन्नाशी ओलांडलेल्या, कमी उत्पन्नाच्या कलावंतांना महिन्याला पैसे देते. महामारीत स्थानिक पातळीच्या कलावंताला २,२५० रुपये होते, २०२४ मध्ये ते सरसकट ५,००० झाले. अर्ज अडतो तो पुराव्यावर. चाळीस वर्षे ढोलकी वाजवलेल्या माणसाकडे ती वाजवल्याचा एक कागद नसतो. हँडबिलांवर नाव फडाचे, फोटोत तो मागे. हे काम मंडळाला अगदी फुकट करता येते: गणपतीत, यात्रेत, जिथे तुमच्या गावी कार्यक्रम होईल तिथे प्रत्येक कलावंताच्या नावाने लेटरहेडवर दाखला द्या. तारीख, कलाप्रकार, सही, शिक्का. मागच्या वर्षांचे दाखलेही तुमच्या जमाखर्चाच्या वहीवरून देता येतील.

म्हणजे हिशेब असा बसतो: दहा हजार यादी आणि कागदपत्रांना, साठ हजार पहिल्या तीन महिन्यांत, ज्यांचे नाव रेशनकार्डावर नाही त्यांना आणि औषधांना, चाळीस हजार दोन फडांना बिनव्याजी, त्या कागदावर सही झाल्यावरच, सत्तर हजार पुन्हा उभे राहण्यासाठी. उरलेल्या वीस हजारांना हात लावू नका. फडातले कोणी आजारी पडले तर ॲम्ब्युलन्सचे भाडे रात्री दोन वाजता द्यावे लागते, आणि त्या वेळी सभा बोलावून ठराव करता येत नाही. ते पैसे खजिनदार आणि आणखी एक जण अशा दोघांच्या सहीने निघतील असे आत्ताच ठरावात लिहून ठेवा.